‘मामा’ : एका नातेवाचक शब्दाचा अर्थव्यवहार

मराठीतील नातेवाचक शब्दांचा विचार आजवर मुख्यतः दोन बाजूंनी झालेला आहे. व्युत्पत्तिकारांनी त्यांची मूळ रूपे शोधली आणि समाजशास्त्रज्ञांनी त्यांवरून कुटुंबरचनेची अनुमाने काढली. ह्या दोहोंच्या मध्ये एक मोठा प्रदेश मोकळा राहिला. तो म्हणजे ह्या शब्दांच्या रोजच्या वापराचा. नाते संपते तेथून पुढे हे शब्द कोठे कोठे जातात, कोणाला चिकटतात आणि कोणाला मुळीच चिकटत नाहीत, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. ‘मामा’ हा शब्द ह्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. आईचा भाऊ हा त्याचा वाच्यार्थ कोणत्याही कोशात एका ओळीत संपतो. परंतु हाच शब्द सून सासऱ्यासाठी योजते, मुले चंद्रासाठी योजतात, चौकातील वाहतूक पोलिसाला आणि शाळेतील शिपायाला तो लागतो, सत्पुरुषाच्या नावापुढे तो आदराने जोडला जातो आणि फसलेल्या माणसाचा ‘मामा झाला’ असेही म्हटले जाते. आदर आणि उपहास ही दोन टोके एकाच शब्दात कशी नांदतात, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

संस्कृतातील ‘मातुल’ हा मातृ शब्दावरून सिद्ध झालेला आहे. प्राकृतात त्याचे ‘माउल’ होते. ‘मामा’ हा मात्र ह्या मालिकेतील शब्द नव्हे. काका, दादा, नाना, बाबा ह्यांच्याप्रमाणे तो एकाच अक्षराच्या द्विरुक्तीने बनलेला, बालभाषेतून आलेला शब्द दिसतो. अशा शब्दांचे साम्य जगभरच्या भाषांत आढळते आणि त्याची ध्वनिशास्त्रीय कारणमीमांसा रोमान याकबसन ह्यांनी १९६० मध्ये केलेली आहे. त्यामुळे नुसत्या ध्वनिसाम्यावरून ‘मामा’ आर्यकुळातला की द्राविडकुळातला असा वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. (‘मामलेदार’ ह्या अरबी मूळ असलेल्या शब्दात तर मामा मुळीच नाही, हे लोकांना ठाऊक असूनही त्यावरचे विनोद थांबलेले नाहीत.) ध्वनी कोठूनही आलेला असो, मराठीत त्याला जो अर्थ चिकटला तो मात्र दक्षिणेशी असलेल्या शेजाराचा स्पष्ट पुरावा देतो.

हा पुरावा ‘मामंजी’ ह्या शब्दात आहे. मराठी सून सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणत आली. ग्रामीण भागात ती सरळ ‘मामा’ म्हणते आणि सासूला ‘आत्या’ किंवा ‘आत्याबाई’ म्हणते. हिंदीभाषक प्रदेशात हे घडणार नाही. तेथे मामा हा मामाच असतो आणि सासरा हा ससुर. मराठीत ही दोन नाती एका शब्दात मिसळली, ह्याचे कारण मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रूढी. पुरुषाच्या बाजूने पाहिले तर अशा विवाहात मामा हाच सासरा आणि मामी हीच सासू होते. मुलीच्या बाजूने पाहिले तर तिची आत्या तिची सासू होते आणि आत्याचा नवरा सासरा. आत्याच्या नवऱ्याला ‘मामा’ म्हणण्याची पद्धत अनेक मराठी घरांत आहेच. ग्रामीण मराठीत आत्येला ‘मावळण’ असा एक शब्द आहे. रूपदृष्ट्या तो ‘मातुल–माउल’ ह्या कुळातला दिसतो. म्हणजे मामाच्या बायकोला शोभावे असे नाव आत्येला मिळालेले आहे. मामा आणि आत्याचा नवरा ही एकच जागा मानली, तरच ही अदलाबदल समजते.

इरावती कर्वे ह्यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) ह्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या नातेव्यवस्थांमधील संक्रमणाचा प्रदेश मानले. उत्तरेत मामेबहिणीशी विवाह निषिद्ध आहे. दक्षिणेत मामेबहीण, आतेबहीण आणि काही जातींत प्रत्यक्ष भाचीही विवाहयोग्य मानली जाते. महाराष्ट्रातील अनेक जातींनी ह्यातून केवळ मामेबहीण उचलली आणि बाकीचे बहुधा वर्ज्य मानले. शेजारच्या भाषांत ह्या मिश्रणाच्या पायऱ्या दिसतात. तेलुगूतील ‘माम’ आणि कन्नडमधील ‘माव’ हे शब्द मामा व सासरा ह्या दोघांनाही लागतात. कोंकणीत सासरा ‘मांव’ असतो. मराठीने ‘सासरा’ हा उत्तरेकडील शब्द निर्देशासाठी ठेवला आणि हाक मारण्यासाठी ‘मामंजी’ घेतला. सासऱ्याविषयी बोलताना एक व्यवस्था आणि त्याच्याशी बोलताना दुसरी, अशी ही विभागणी आहे. संक्रमणप्रदेशाचे इतके नेमके भाषिक चित्र क्वचितच मिळते.

धर्मशास्त्रात हा वाद जुना आहे. बौधायन धर्मसूत्राने दाक्षिणात्यांच्या ज्या पाच विशेष आचारांची नोंद केली, त्यांत मामेबहिणीशी आणि आतेबहिणीशी विवाह हे दोन आचार येतात. कुमारिल भट्टाने तंत्रवार्तिकात मामाची मुलगी मिळाल्यावर हर्षणाऱ्या दाक्षिणात्याला चिमटा काढलेला आहे. पराशरस्मृतीवरील भाष्यात माधवाचार्यांनी ह्या विवाहाचे समर्थन केले. महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात ही सर्व चर्चा साक्षेपाने मांडलेली आहे. महाभारताचा आधारही ह्या समर्थकांच्या हाताशी होता. सुभद्रा ही वसुदेवाची मुलगी आणि कुंती ही वसुदेवाची बहीण. तेव्हा अर्जुनाने मामेबहिणीशीच विवाह केला. लोकपरंपरेला एवढ्यानेही समाधान झाले नाही. तिने अभिमन्यूसाठी बलरामाची मुलगी वत्सला योजली आणि तिचे हरण घडवून आणले. व्यासांच्या भारतात ह्या वत्सलेचा पत्ता नाही. दख्खनच्या लोककथेला तिची गरज भासली, हेच अर्थपूर्ण आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने बहीण-भावांच्या अपत्यांमधील विवाह निषिद्ध नात्यांत घातला, परंतु रूढी अनुकूल असल्यास तो वैध ठरवला. बौधायनाने ‘दाक्षिणात्यांचा आचार’ म्हणून जे नोंदवले, त्याला ह्या कायद्यातही ‘रूढी’ म्हणूनच जागा मिळाली.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. ज्या जातींत मामेबहिणीशी विवाह होत नाही, त्यांच्या घरांतही सुना ‘मामंजी’ म्हणत आल्या. शब्दावरून प्रत्येक घराची चाल ठरवता येत नाही. शब्द एकदा प्रदेशाचा झाला की तो ती चाल न पाळणाऱ्यांच्याही तोंडी बसतो. आज शहरी घरांतून ‘मामंजी’ जवळजवळ नाहीसा झाला आहे आणि सून सासऱ्याला ‘बाबा’ म्हणते. हा बदल प्रेमळपणाचा म्हणून वाखाणला जातो. भाषेच्या दृष्टीने पाहता त्यात एक तोटाही आहे. मामंजी म्हणणाऱ्या सुनेला सासरच्या घरात माहेरचा एक धागा सापडत असे. ‘बाबा’ म्हणताना ती पूर्णपणे नवऱ्याच्या नात्यात उभी राहते.

आता नात्याच्या मूळ जागेकडे वळू. मराठीत एकाच घराला चार नावे आहेत. आईच्या तोंडी ते ‘माहेर’, वडिलांच्या तोंडी ‘सासुरवाडी’, मुलांच्या तोंडी ‘आजोळ’ आणि सुटी लागली की ‘मामाचा गाव’. शेवटच्या दोन शब्दांतील फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘आजोळ’ शब्दात आजा आहे. घर त्याचे, जमीन त्याची, सत्ता त्याची. तरीही मुलांच्या मनातले गाव आजोबांचे होत नाही, ते मामाचे होते. ग. दि. माडगूळकरांच्या अगीनगाडीच्या बालगीतातील मुलेही मामाच्याच गावाला निघालेली आहेत. आजोबा असतानाही घर मामाच्या नावाने ओळखले जाते, कारण मामा ह्या नात्यात सत्ता नाही. तो भाच्याला शिस्त लावीत नाही, त्याच्या शिक्षणाची वा वर्तनाची जबाबदारी त्याच्यावर नाही आणि मुख्य म्हणजे भाचा त्याच्या मिळकतीचा वाटेकरी नाही. बंगालीत अवाजवी हट्टाला ‘मामाच्या घरचा हट्ट’ अशा अर्थाचा वाक्प्रयोग आहे. तेथेही तीच समजूत काम करते.

पितृकुळातील नात्यांचे शब्द ह्याच्या जोडीला ठेवून पाहिले म्हणजे मुद्दा स्पष्ट होतो. ‘भाऊबंद’ ह्या निरुपद्रवी शब्दापासून मराठीने ‘भाऊबंदकी’ बनवली आणि तिचा अर्थ केवळ भांडण असा केला. चुलता हा वाटणीतला माणूस. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्या प्रसंगाशी जोडली गेलेली ‘काका, मला वाचवा’ ही आर्त हाक ऐतिहासिक आहे की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी मराठी मनाने ती दोनशे वर्षे जपली, हे खरे. पुतण्याला काकाचे भय वाटणे ह्यात मराठी श्रोत्याला काही विपरीत वाटत नाही. ‘मामेबंदकी’ असा शब्द मात्र मराठीत होऊ शकला नाही. भांडायला वाटणी हवी, आणि मामाशी वाटणी नव्हती.

संस्कारांतही मामाचे स्थान ह्याच नियमाने ठरलेले आहे. बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्येचा, कारण ती पितृकुळातली. जावळ काढताना मूल बसते ते मामाच्या मांडीवर. लग्नात अंतरपाटाच्या अलीकडे वधूला घेऊन येणे, तिच्या मागे उभे राहणे, अनेक जातींत तिची पिवळी साडी आणणे ही कामे मामाची. कन्यादान तो करीत नाही. तो फक्त आणून सोडतो आणि देतो. गुजरातेत ह्या देण्यालाच ‘मामेरुं’ असे नाव पडले आणि नरसी मेहताच्या कथेवर प्रेमानंदाने त्याच नावाचे आख्यान रचले. मराठीत देण्याला असे वेगळे नाव नाही, परंतु देण्याची अपेक्षा तितकीच पक्की आहे.

ज्याने द्यायचे आणि मागायचे नाही, अशा माणसाची थट्टा फार दूर नसते. ‘मामा बनवणे’ ह्या वाक्प्रचाराचा उगम ह्या जागी शोधावा लागेल. त्याची उपपत्ती एखाद्या कथेतून वा विनोदी प्रसंगातून लावण्याचा मोह होतो, पण तसे करण्याची गरज दिसत नाही. लाडिक हट्टाला भुलणारा, भाच्याच्या गोड बोलण्याने खिसा मोकळा करणारा हा माणूस नात्यातूनच तयार होतो. पंचतंत्रात ह्याचे फार जुने नमुने आहेत. अपरीक्षितकारकातील गाणाऱ्या गाढवाच्या कथेत गाढव कोल्ह्याला ‘भगिनीसुत’ म्हणते आणि कोल्हा गाढवाला ‘मातुल’ म्हणतो. शेतात चोरून खाताना गाण्याची हुक्की येऊन मार खातो तो मामा, आणि वेळीच कुंपणाबाहेर जाऊन बसतो तो भाचा. उलट मित्रभेदातील बगळा आणि खेकडा ह्यांच्या कथेत खेकडा कपटी बगळ्याला ‘माम’ म्हणून साद घालतो. तेथे फसवणारा मामा आहे. म्हणजे फसणे किंवा फसवणे हा शब्दाचा स्थायी अर्थ नसून, विश्वासाची मोकळीक हा आहे. त्या मोकळिकीचा फायदा कोणी घ्यावा, हे कथेवर अवलंबून राहते.

महाभारतातील मामा ह्याच दृष्टीने वाचावेत. ‘कंसमामा’ आणि ‘शकुनीमामा’ हे मराठीत सामान्यनामे झाले. कंसाने भाच्यांना मारले, तेव्हा त्याची दुष्टता नात्याच्या अपेक्षेविरुद्ध असल्याने दुप्पट झाली. शकुनीचे तसे नाही. तो आपल्या भाच्यांशी अखेरपर्यंत एकनिष्ठ राहिला. त्याचा दोष एवढाच, की वाटणीच्या भांडणात ज्याला जागा नाही असा माणूस बहिणीच्या घरी राहून वाटणी ठरवू लागला. मराठीत ‘शकुनीमामा’ ही शिवी बहिणीच्या घरात लुडबुड करणाऱ्याला लागते, ती ह्यामुळेच. खराखुरा ‘बनवलेला मामा’ पाहायचा असेल तर तो शल्य होय. नकुल-सहदेवांच्या साहाय्यासाठी निघालेला हा मद्रराजा वाटेतल्या दुर्योधनाच्या पाहुणचाराला भुलला आणि भाच्यांच्या विरुद्ध लढण्याचे वचन देऊन बसला. वाक्प्रचार इतका चपखल लागू पडत असूनही मराठीने ‘शल्यमामा’ केला नाही. खलनायकाची स्मृती भोळ्या माणसाच्या स्मृतीपेक्षा टिकाऊ असते, असे दिसते.

आईकडची नाती थट्टेला खुली असणे हे केवळ मामापुरते नाही. तमाशातील गवळणीत हास्याचा भार ‘मावशी’वर असतो, काकूवर नव्हे. वाघाच्या दरबारातसुद्धा मांजरीला मावशीच व्हावे लागले. आणि चंद्र मामा झाला तो दुरून दिसतो, रोज येतो, काही मागत नाही म्हणून. समुद्रमंथनातून लक्ष्मी आणि चंद्र दोघेही निघाले, म्हणून जगन्मातेचा भाऊ तो आपला मामा, अशी एक उपपत्ती सांगितली जाते. ती मागाहून जुळवलेली असावी. चेन्नईहून १९४७ मध्ये सुरू झालेले ‘चंदामामा’ हे मासिक मराठीत आले ते ‘चांदोबा’ ह्या नावाने. मराठीला चंद्राचा मामेपणा ठाऊक होता, तरी तिने ‘विठोबा’, ‘खंडोबा’ ह्यांच्या पंक्तीतील आदरार्थी रूप निवडले.

नात्याबाहेरच्या संबोधनांत हा अर्थव्यवहार अधिक बोचरा होतो. मराठी शहरांत शेजारच्या बिऱ्हाडातील गृहस्थ ‘काका’ असतात आणि त्यांची पत्नी ‘काकू’. शाळेतील शिपाई ‘मामा’ असतो आणि झाडलोट करणारी बाई ‘मावशी’. रुग्णालयात डॉक्टर ‘साहेब’, परिचारिका ‘सिस्टर’, वॉर्डबॉय ‘मामा’ आणि आया पुन्हा ‘मावशी’. हवालदारही ‘मामा’ होतो, पण फौजदार होत नाही. ह्या वाटणीला अपवाद आहेत. शाळेच्या रिक्षाचा चालक बहुधा ‘रिक्षावाले काका’ असतो. तथापि एकंदर कल नजरेआड करता येत नाही. जो आपल्या बरोबरीचा, त्याला पितृकुळातील नाव. जो आपले काम करतो, त्याला मातृकुळातील. वरवर पाहता ‘ए शिपाई’ ह्यापेक्षा ‘मामा’ हे संबोधन निश्चितच सभ्य आहे आणि ते वापरणाऱ्यांचा हेतूही चांगला असतो. परंतु ज्याच्याकडून मायेने घ्यायचे आणि ज्याला वाटा द्यायचा नाही, अशी एक तयार जागा भाषेत होती, आणि नोकरमाणसाला नेमकी तीच मिळाली, हे नाकारता येत नाही. मुंबईच्या हिंदीतील ‘मामू’ हा ह्याच जागेचा सख्खा भाऊ. २००३ च्या ‘मुन्नाभाई एम. बी. बी. एस.’ ह्या चित्रपटाने तो देशभर पोहोचवला.

ह्याच्या उलट बाजूला आदरार्थी ‘मामा’ आहेत. मामा परमानंद (१८३८–१८९३), मामा वरेरकर (१८८३–१९६४), वारकरी संप्रदायातील मामासाहेब दांडेकर (१८९६–१९६८), आदमापूरचे बाळूमामा आणि आजच्या रंगभूमी-चित्रपटसृष्टीत अशोक सराफ ह्यांना लाभलेले ‘अशोकमामा’ हे संबोधन. तात्या, अण्णा, नाना ह्यांसारखी घरगुती हाक बाहेर पसरण्याची मराठी रीत जुनी आहे आणि ह्यातील काही नावांचा उगम तेवढाच असू शकेल. पण ‘मामा’ म्हटल्याने ‘अण्णा’ म्हटल्यापेक्षा निराळे काही साधते. अण्णांपुढे नम्र व्हावे लागते. मामांपाशी हट्ट करता येतो. बाळूमामांच्या भक्ताला देवाशी नेमके हेच नाते हवे असते. सत्ता नसलेला वडीलधारा ही कल्पना शिपायाच्या बाबतीत त्याला खाली ठेवते आणि संताच्या बाबतीत त्याला जवळ आणते. अर्थ तोच, बोलणाऱ्याची पायरी बदललेली.

आतापर्यंतच्या विवेचनात एक गोष्ट गृहीत धरली गेली आहे आणि ती आता उघड केली पाहिजे. मामाशी वाटणी नव्हती, असे वर म्हटले. ती का नव्हती? कारण आईला वाटा नव्हता. मामाच्या गावातील आंबे, भाच्यासाठी शिवलेले कपडे, भाऊबिजेची ओवाळणी, बाळंतपणाचा खर्च, लग्नातली पिवळी साडी हे सर्व देणे ज्या मिळकतीतून होत होते, तिच्यात देणाऱ्याच्या बहिणीचे नाव नव्हते. ‘मामा’ ह्या शब्दातील गोडवा खोटा नाही, पण तो फुकटही नव्हता. त्याची किंमत आईने आधीच मोजलेली असे, आणि ती मोजल्याचे तिला स्वतःलाही क्वचितच जाणवत असे. जात्यावरच्या ओव्यांतून बहीण भावाचे जे कौतुक गाते, त्यात त्याच्या वाड्याचे, बैलांचे, शेताचे वर्णन पुन्हा पुन्हा येते. ते शेत आपलेही असू शकले असते, हा विचार त्या ओवीच्या कक्षेबाहेरचा होता.

कायद्याने ही कक्षा मोडली. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून त्या दिवसापर्यंत अविवाहित असलेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत सहदायाद मानले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा हक्क विवाहित मुलींनाही मिळाला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. प्रत्यक्षात ह्या हक्काची मराठी व्यवहारातील पहिली भेट बहुतेक वेळा हक्कसोडपत्राच्या रूपाने होते. बहीण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात येते आणि कोणताही मोबदला न घेता आपला हिस्सा भावाच्या लाभात सोडते. माहेर तुटू नये, मुलांना आजोळ राहावे, हे कारण त्यामागे असते. ते कारण कागदावर लिहिलेले नसते. कागदावर ‘प्रेमापोटी’ असे लिहिलेले असते.

जेथे सही होत नाही, तेथे सातबाऱ्यावर बहिणीचे नाव वारस म्हणून लागते आणि ती वारल्यानंतर तिच्या मुलांची नावे त्या जागी येतात. अशा वेळी मामा आणि भाचे एकाच उताऱ्यावर, एकाच गटाचे सहहिस्सेदार म्हणून लिहिले जातात. मराठी भाषेच्या इतिहासात ही स्थिती बहुतांश घरांना नवीन आहे. वाटपाच्या दाव्यात भाचा वादी असतो आणि मामा प्रतिवादी क्रमांक १. दाव्याच्या मसुद्यात ‘मामा’ हा शब्द फक्त एकदा, नाते सांगण्यापुरता येतो, आणि त्यानंतर क्रमांकच चालतो.